पावतीपुस्तकावरचं पहिलं नाव

जुलैमधल्या एका रविवारची गोष्ट. अमरावतीत तीन दिवसांपासून झड लागलेली होती. माझी शाळेपासूनची मैत्रीण मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. उपासना संपली होती, लोक घरी गेले होते. आत पाहते तर बाकांच्या मधून बादल्या, पातेली, एक परात आणि एक जुना पितळी हंडा मांडून ठेवलेला. वरून टपटप चालू. मी सहज मोजली, अकरा भांडी होती.

मैत्रीण म्हणाली, ‘‘मंडळीनं ठरवलंय, दुरुस्तीसाठी वर्गणीचं आवाहन करायचं. पत्रक तू लिहून दे. तुला लिहिता येतं.’’

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की मी कशाला? मी काही त्या मंडळीतली नाही. आणि दुसरं त्याहून अवघड. माझा आठवडा जातो तो गावोगावच्या बचतगटांत. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिलेला, पदरात दोन लेकरं, अशा बायकांच्या ओसरीवर मी बसते. ज्या वऱ्हाडात कापसाला भाव मिळाला नाही की घराची चूल थंडावते, तिथं कवेलूंसाठी नि भिंतींसाठी पैसे मागायचे? तेही देवाच्या घरासाठी? तिला लगेच ‘हो’ म्हणवलं नाही. म्हटलं, आधी तुमच्या बैठकीला येते.

बैठक झाली. पाळकसाहेब होते, पंचमंडळी होती, सगळे पुरुष. एका गृहस्थांचं म्हणणं, हे सगळं पाडावं आणि स्लॅबची नवी इमारत उभी करावी. दुसऱ्यांनी खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा सगळे गप्प झाले. मागच्या बाकावर चर्च झाडणारी मावशी बसली होती. तीस वर्षं ती तिथं झाडते. ती हळूच म्हणाली, ‘‘पानी कवेलूतून नाई येत बाप्पा. दोन छपरं जिथं मियतात ना, तिथला पत्रा सडला हाये. तिथून भिंतीत मुरते, मंग सगयीकडे पसरते. मले कोनी इचारलंच नाई.’’

दुसऱ्या दिवशी गवंड्याला शिडी लावून वर चढवलं. मावशी बरोबर होती! दोन छपरांच्या मधल्या पन्हळीचा पत्रा कुजलेला, त्याखालचं एक सागवानी वासं गेलेलं. बाकी सांगाडा ठणठणीत. पाडण्याची गरजच नव्हती.

त्या दिवशी मी पत्रक लिहायचं कबूल केलं. आणि तेव्हापासून डोक्यात एक विचार पक्का झाला, तोच आज तुमच्यापुढे मांडते. कुठल्याही जुन्या वास्तूसाठी हात पसरायचा तर पैशाआधी विश्वास मागावा लागतो. आणि विश्वास मिळतो तो तीन गोष्टींनी: हिशेब उघडा असला, दार उघडं असलं आणि ज्या बाया ती वास्तू रोज सांभाळतात, त्यांना ठरवण्यात जागा असली तर.

मुंबईत फोर्टमध्ये सेंट थॉमस कॅथीड्रल आहे. चर्चगेट स्टेशनला नाव मिळालं ते याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून. त्याची कथा वाचली तेव्हा मला आपलीच बैठक आठवली. गव्हर्नर जेराल्ड आँजिए याच्या काळात, १६७६ साली काम सुरू झालं. भिंती थोड्या उंच झाल्या आणि काम थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. बिनछपराच्या भिंती ऊनपाऊस खात उभ्या राहिल्या. मग रिचर्ड कॉब नावाचे एक तरुण पाळक आले. १७१५ साली त्यांनी भर उपासनेत या अर्धवट कामाबद्दल खडसावून प्रवचन केलं. नंतर गव्हर्नर त्यांना भेटला. म्हणाला ते साधारण असं, की चर्च व्हायचंच असेल तर होऊ द्या. एक वही करा, कोण किती देतो ते तीत लिहून घ्या, पहिला आकडा मी घालतो. वही फिरली आणि १७१८ च्या नाताळाला चर्च उघडलं.

म्हणजे पैसा गावात होताच. चाळीस वर्षं कुणी वही केली नव्हती, एवढंच.

पुढं ही वास्तूही थकली. तिची दुरुस्ती जुन्या पद्धतीनं, नीट अभ्यास करून झाली आणि २००४ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. दुरुस्तीसुद्धा बांधण्याइतकीच मोलाची असते, हे त्यातून सिद्ध झालं.

वहीचं महत्त्व आपल्याला मुंबईकडून शिकायची तशी गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्याच शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ते आपल्याला शिकवून ठेवलंय. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट नि धर्मशाळा, पुढं नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई इथल्या धर्मशाळा, सगळं लोकवर्गणीतून उभं राहिलं. बाबांच्या अंगावर मात्र चिंध्याच. घरच्या माणसांना त्यांनी या पैशापासून लांब ठेवलं आणि कामं विश्वस्तांच्या हाती सोपवली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लाखो रुपये मागणाऱ्या माणसावर लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकला तो उगीच नाही.

याच्या उलट अनुभव मी स्वतः घेतलाय. पुष्कळ वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या सभामंडपासाठी आम्ही पंधरा-वीस बायकांनी भर उन्हात घरोघर फिरून वर्गणी गोळा केली होती. नाव सांगत नाही, त्याचा उपयोग नाही. पावतीपुस्तकं भरून दिली. मंडप झाला, उद्घाटन झालं, संगमरवरी पाटीवर नावं लागली. त्यात आमच्यातल्या एकीचंही नाव नव्हतं. त्याचं वाईट वाटलं नाही हो. पण ‘हिशेब दाखवा’ म्हटल्यावर जे उत्तर मिळालं, ‘‘वहिनी, तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?’’, ते आजही काट्यासारखं सलतं. पुढच्या वर्षी आम्ही वर्गणी मागायला गेलो तेव्हा एका म्हातारीनं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, ‘‘पैसे देतो व माय, पन मागच्याचं काय झालं थे सांग.’’ मला उत्तर नव्हतं.

म्हणून या वेळी माझी पहिली अट होती. समितीत निम्म्या बायका हव्यात आणि दर महिन्याचा जमाखर्च चर्चच्या दाराशी फळ्यावर खडूनं लिहायचा. थोडी कुजबुज झाली. पण पाळकसाहेबांनी मान्य केलं आणि त्या मावशीला समितीत घेतलं.

दुसरा मुद्दा दाराचा. मुंबईचं ते चर्च उघडलं तेव्हा रामा कामाठी नावाचा एक धनिक हिंदू गृहस्थ आपल्या जातीच्या लोकांना घेऊन आला होता आणि उपासना संपेपर्यंत बाहेर उभं राहून पाहत होता, असं स्वतः कॉब यांनी नोंदवून ठेवलंय. वाळकेश्वरच्या मंदिराचा जीर्णोद्धार १७१५ च्या सुमारास केल्याचं श्रेयही याच गृहस्थांना देतात. एकीकडे स्वतःचं मंदिर, दुसरीकडे शेजाऱ्याच्या चर्चच्या आनंदात सहभाग. तीनशे वर्षांपूर्वी त्याला ते जमलं.

बाहेर उभं राहण्याचे प्रकार मात्र निरनिराळे असतात. कुणी कौतुकानं उभं राहतं, कुणाला उभं केलं जातं. आपल्या अमरावतीतच अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९२७ साली चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात इथं भरलेल्या परिषदेला डॉ. आंबेडकर आले होते. गावातल्या लेकरांना ज्या उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, तो उंबरा गावाचा कसा म्हणायचा? ‘वास्तू आपल्या सर्वांची’ असं पत्रकावर छापायचं असेल, तर ती खरोखर सर्वांची आहे का, हे आधी मागणाऱ्यानं स्वतःला विचारलं पाहिजे. मी हे चर्चच्या बैठकीतही बोलले. चर्च झालं तरी ‘आमचे लोक’, ‘त्यांचे लोक’ हे तिथंही असतंच की!

माझं माहेर अकोल्याचं. मैत्रिणीच्या पणजीची कथाही अकोल्याकडचीच. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात आईबाप गेलेली ती पोर मिशनच्या आश्रयानं वाढली, लिहायला-वाचायला शिकली, पुढं शिक्षिका झाली. वऱ्हाडातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या आठवणी अशाच दुष्काळाशी जाऊन पोचतात. त्याच काळात अकोल्याकडे काम केलेल्या जेनी फुलर या मिशनरी बाईंनी ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक लिहिलं. बालविवाह, विधवांचे हाल, सगळं त्यात आहे. १९०० साली निघालेल्या त्या पुस्तकाला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. परकी बाई आपल्या घरातलं दुःख मांडते म्हणून तेव्हाही कुणाला राग आला असेल आणि आजही तिची काही मतं आपल्याला पटणार नाहीत. पण दुष्काळात पोरीच्या हाती पाटी देणारी ती जागा होती, हे विसरून कसं चालेल? मैत्रिणीच्या चर्चच्या भिंती मला त्यामुळे नुसत्या विटांच्या वाटत नाहीत. कुणाच्या तरी पणजीनं त्यांच्या सावलीत बाराखडी गिरवलेली असते.

आता पैशाचं. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली. त्याच्या दुरुस्तीसाठी जवळपास १५० देशांतल्या सुमारे ३,४०,००० लोकांनी देणग्या दिल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. आपल्या गल्लीतल्या चर्चला, मशिदीला, मठाला असं जग धावून येणार नाही. तिथं मुठीचाच हिशेब करावा लागतो. पण मूठ लहान नसते! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढत. मुष्टिफंड म्हणत त्याला. तिकडे दूर मिझोरममध्ये ख्रिस्ती घरांतल्या बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी चर्चसाठी मूठभर तांदूळ वेगळे ठेवतात. ‘बुहफाई थम’ म्हणतात त्याला. त्या मुठी साठून आज वर्षाकाठी कोट्यवधी रुपये होतात आणि त्यावर तिथली चर्चची कामं चालतात. हे सगळं बायकांच्या हातून होतं, स्वयंपाकघरातून होतं.

आपण बायका घर चालवतो तेव्हा काय करतो? एकदम दहा हजारांचं सामान आणत नाही. डब्यातला डबा, त्यातला रुमाल, त्यात शंभराची नोट. आवाहनही तसंच करावं. ‘सढळ हस्ते मदत करा’ या वाक्यानं कुणाचाच हात सैल होत नाही. ‘एका कवेलूचे इतके, एका वाशाचे इतके, चुन्याच्या एका पोत्याचे इतके’ असं लिहिलं की शाळकरी पोरही म्हणतं, माझ्याकडून दोन कवेलू. आम्ही पत्रकात तसंच लिहिलं.

चुना म्हटलं म्हणून सांगते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. आपल्या काळ्या मातीत पाया पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. चुना थोडा थोडा हलतो, सावरून घेतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. अशा भिंतीवर घाईनं सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते, खार फुटतो आणि चारदोन वर्षांत पोपडे निघून आतली वीट भुसभुशीत होते. दुरुस्तीच्या नावाखाली किती देवळं, किती वाडे असे आजारी पडलेत! अकोल्याकडे गेलात तर बाळापूरला थांबून पाहा. मन नदीच्या काठावरची मिर्झा राजे जयसिंगांची छत्री आणि १७५७ साली पुरा झालेला तिथला विटांचा किल्ला सिमेंटशिवायच इतकी वर्षं उभे आहेत. म्हणून पैसे गोळा व्हायच्या आधी जाणकार वास्तुतज्ज्ञाला एकदा दाखवावं, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा. आणि क्रम चुकवू नये. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती. रंग आणि पाटी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे पाटी आधी तयार असते!

कायद्याच्या दोनचार गोष्टीही बायकांनी माहीत करून घ्याव्यात, म्हणजे कुणी ‘भानगडीत पडू नका’ म्हणणार नाही. बऱ्याच चर्चची जागा स्थानिक मंडळीच्या नव्हे, दुसऱ्याच शहरातल्या मोठ्या ट्रस्टच्या नावावर असते. त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. पैसे नोंदणीकृत ट्रस्टच्या बँक खात्यातच जमा करावेत, कुणाच्या खासगी खात्यात नाही. ट्रस्टचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, ते मागायला लाजू नये. प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीच्या देणगीवर आयकराची सवलत सरकारनं त्यासाठी अधिसूचित केलेल्या वास्तूंनाच मिळते. तेव्हा ‘टॅक्समध्ये सूट’ असं पत्रकावर उगाच छापू नये. आणि परदेशातल्या लेकी-मुलांकडे मागताना जरा सांभाळून. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला केंद्र सरकारची नोंदणी किंवा परवानगी लागते.

राहिला माझा पहिला प्रश्न. उपाशी माणूस आधी की छप्पर आधी? मी तो विसरलेले नाही. बचतगटातल्या एका बाईला, शेतकऱ्याची विधवा ती, मी हे सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, तुमचं आपलं बरं आहे. ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘‘ताई, माह्या घरचा मानूस गेला तवा आठ दिवस देवळाच्या ओट्यावरच बसत होती मी. घरात बसवे ना. ओटा नसता त कुठी गेली असती?’’

तिच्या बोलण्यानं माझा प्रश्न सुटला असं नाही. मंडळीकडे पैसे आले आणि शेजारच्या पोराची फी राहिली, तर ते माझ्या मनाला आजही पटणार नाही. म्हणून पत्रकात शेवटी एक ओळ मी आग्रहानं घातली: दुरुस्तीनंतर चर्चच्या आवारातली मागची खोली संध्याकाळी कुठल्याही घरच्या मुलांना अभ्यासाला मोकळी राहील. जमलेल्या पैशातून मजुरी देताना वस्तीतल्या माणसांना आधी काम मिळेल. त्यावर सही झाली तेव्हाच मी कागद छापायला दिला.

मागच्या रविवारी उपासनेनंतर वही उघडली. पहिलं नाव कुणाचं, यावर पंचांमध्ये थोडी चुळबुळ. गावातले एक मोठे व्यापारी आले होते, त्यांना मान द्यावा असं काहींचं मत होतं. मुंबईत गव्हर्नरानं पहिला आकडा घातला होता, हे मीच सांगितलं होतं ना! तेवढ्यात पाळकसाहेबांनी वही मावशीपुढे ठेवली. तिनं पदराच्या गाठीतून घडी घातलेल्या नोटा काढल्या, एकावन्न रुपये मोजले आणि पेन हातात घेऊन सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. व्यापाऱ्यांनी तिच्याखाली आपलं नाव लिहिलं. रक्कम मोठी होती, आणि त्यांनी ती हसत लिहिली.

त्या चर्चचं नाव किंवा खातेक्रमांक मी इथं देणार नाही. या पानाचं ते काम नाही. मला एवढंच सांगायचंय, की तुमच्याही गावात असं एखादं गळकं छप्पर असेलच. देऊळ असेल, दर्गा असेल, विहार असेल, जुनं वाचनालय असेल. या पावसाळ्यात तिथं जा आणि भांडी मोजा. ती मांडून ठेवणारी बाई कोण आहे ते विचारा, तिच्याजवळ बसा, पाणी नेमकं कुठून येतं ते तिच्याकडून समजून घ्या. मग वही करा. आणि वहीतला हिशेब शेवटच्या पानापर्यंत आपल्याच हातात ठेवा.